आयर्लंडच्या जुन्या यात्रावाटा आणि समुद्रकाठ : गाईड घेऊन चालायची सुट्टी कुणी केलीय का?

ठाणेकरीण
नमस्कार मंडळी, मी आणि माझी मोठी बहीण, दोघीही पन्नाशीच्या पुढच्या, पुढच्या उन्हाळ्यात आयर्लंडला जायचं म्हणतोय. भाचा डब्लिनला नोकरीला आहे म्हणून सुरुवातीची राहायची सोय आहे. पण बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसमध्ये चढा असलं काही नकोय. तिथे जुन्या यात्रेकरूंच्या वाटा आहेत, त्यावरून आणि समुद्राच्या कडेने रोज थोडं थोडं चालायचं, सोबत गाईड, रात्री गावात मुक्काम, सामान गाडीने पुढे, अशा टूर बऱ्याच दिसतायत पण किमती बघून पोटात गोळा आला. गाईड खरंच लागतो का? राजगड हरिश्चंद्रगड झालेत आमचे, पण रोजच्या रोज चालायची सवय नाही. आणि ताई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

घरकोंबडा
एवढे पैसे भरून पावसात चालायचं? ताम्हिणीत या, फुकटात भिजवतो.

सह्यवेडा
गाईड कशाला हवाय, फोनमध्ये नकाशा टाकून घ्या आणि सुटा. वाटांवर ठिकठिकाणी पिवळ्या खुणांचे खांब आहेत, आपल्याकडे कातळावर चुन्याने बाण काढतात त्यापेक्षा शंभर पटीने बरे. सामान पुढच्या गावी पोचवायची सोय वेगळीही मिळते, म्हणजे गाईड न घेता फक्त मुक्काम आणि बॅगा एवढंच बुक करायचं. निम्मा खर्च तिथेच वाचेल.

चालतीबोलती
ठाणेकरीण, मी केलंय, पश्चिम किनाऱ्यावर डिंगलला गाईड घेऊन आणि मेयोत आपलं आपण, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकते. सह्यवेडा म्हणतोय ते वाट सापडण्यापुरतं बरोबर आहे, वाट सापडतेच. पण तिथे बघायचं काय आहे तर दगड. दगडांचा ढीग, दगडी भिंत, मोडकं देऊळ, गवतात आडवा पडलेला खांब, आणि कुणी सांगितलं नाही तर तुम्ही चहाच्या ओढीने त्या खांबाला वळसा घालून सरळ पुढे जाता.

कोसॉन ना नीव्ह म्हणून वाट आहे, केरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) डिंगल द्वीपकल्पावर, संतांची वाट. व्हेन्ट्रीच्या पुळणीवरून सुरू होते आणि माउंट ब्रँडनच्या पायथ्याशी संपते, साधारण १८ किलोमीटर, चढउतार फारसा नाही. दोन शेतांच्या मधून, दगडी बांधांवरच्या पायऱ्या चढत, गुरं बघत चालायचं. एका दिवसातही होते पण गाईडने आमची दोन तुकड्यांत केली आणि तेच बरं झालं कारण मधे थांबायला खूप आहे.

त्यातलं गॅलरस बघाच. चुना नाही, माती नाही, नुसते दगड एकावर एक किंचित आत सरकवत रचून केलेलं छोटं प्रार्थनाघर, उलट्या ठेवलेल्या होडीसारखं दिसतं. दगड बाहेरच्या बाजूला जरासे तिरके बसवलेत म्हणून पाणी आत न येता बाहेरून ओघळतं. आम्ही गेलो तेव्हा बाहेर आडवा पाऊस होता आणि आत शिरून भिंतीला हात लावला तर कोरडी. गाईड बाईंनी टॉर्च लावून कोपरे दाखवले, चौकोनी खोलीचं छत वर जाताना दगड कसे वळवत आणलेत ते. हे मला नकाशाने सांगितलं नसतं.

पुढे किलमॅल्केडार, बाराव्या शतकातलं देऊळ, छत गेलंय पण कमानी आहेत. आवारात एक उभा दगड आहे ज्याच्या कडेवर ओघम या जुन्या आयरिश लिपीच्या रेघा आणि टोकाला आरपार भोक. त्या भोकातून बोटं घालून लोक करार पक्का करायचे, लग्नाचासुद्धा. शेजारी दगडात कोरलेलं सूर्याचं घड्याळ, मठातल्या प्रार्थनेच्या वेळा बघायला. आम्ही तिथे इतका वेळ काढला की जेवायला उशीर झाला आणि कुणाची तक्रार नव्हती.

नाना_सातारकर
चालतीबोलती ताई, छान लिहिलंत. मी पंढरीची वारी केलेला माणूस, म्हणून विचारतो, तिथे माणसं असतात का हो वाटेवर? की नुसतं आपण आणि गाईड? माणसं नसलेली यात्रा कशी असते ते काही डोळ्यासमोर येत नाही.

चालतीबोलती
नाना, खरं सांगू, बहुतेक वाटांवर कुणी नसतं. तास तास मेंढ्याच. गर्दी बघायची तर क्रोक पॅट्रिक डोंगर, मेयो काउंटीत, वेस्टपोर्टजवळ. तिथले लोक त्याला नुसतं रीक म्हणतात. जुलैचा शेवटचा रविवार म्हणजे रीक संडे, हजारो लोक चढतात, काही अनवाणी. वरती सरळ सुळका, पांढऱ्या गारगोटीच्या दगडांचा घसारा, त्यावर अनवाणी. मी बूट घालून रडकुंडीला आले होते.

डब्लिनकर
मी इथे बरीच वर्षं आहे, रीकवर ऑफिसच्या लोकांबरोबर गेलोय. उंची ७६४ मीटर, कळसूबाईच्या निम्मीसुद्धा नाही, म्हणून आपले लोक हसण्यावारी नेतात. पण मरिस्क गावातून म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीपासून सगळी उंची पायांनी चढायची असते. जाऊन येऊन ७ किलोमीटर, तीन चार तास धरा. शेवटच्या टप्प्यावर गेल्या काही वर्षांत हाताने दगड बसवून वाट बांधून काढलीय त्यामुळे आधीपेक्षा सोपं झालंय तरी उतरताना गुडघ्यांची वाट लागते. पायथ्याशी काठी मिळते, ती घ्या, लाजू नका.

वर छोटं पांढरं चॅपल आहे, १९०५ सालचं. ढग नसतील तर खाली क्लू बे दिसतो, हिरव्या टेकड्यांची बेटंच बेटं. स्थानिक लोक सांगतात वर्षाच्या दिवसांएवढी, ३६५. मोजायच्या भानगडीत पडू नका, अर्ध्या वेळा ढगच असतात.

ठाणेकरीण, रीक संडेला जाऊ नका असं माझं मत. डोंगरावर रेस्क्यू टीम तैनात असतात ते उगाच नाही. २०१५ साली हवामान इतकं बिघडलं की तो दिवस रद्द केला, तरी लोक चढलेच. एरवी आठवड्याच्या मधल्या दिवशी, मे जूनमध्ये सकाळी लवकर निघा.

इतिहासप्रेमी
थोडी भर. आयर्लंडचा मुख्य संत सेंट पॅट्रिक, त्याने रीकवर ४० दिवस उपास केला, इसवी सन ४४१ मध्ये, अशी परंपरा आहे. ती परंपराच समजावी. पण डोंगराचं महत्त्व ख्रिस्ती धर्माच्या आधीचं असावं असं मानतात, जुलैअखेरचा रविवार हा लुनासा नावाच्या जुन्या सुगीच्या सणाच्या आसपास येतो ते त्यामुळेच. डोंगरमाथ्यावर १९९४-९५ च्या उत्खननात छोट्या दगडी प्रार्थनाघराचे अवशेष सापडले, म्हणजे वर फार जुन्या काळापासून वहिवाट होती हे नक्की. आणि जुन्या बखरींत नोंद आहे की १११३ साली वीज पडून माथ्यावर उपास करणारे तीस यात्रेकरू गेले. १९८० च्या दशकात याच डोंगरात सोनं सापडलं होतं, खाणीला विरोध झाला आणि खाण झाली नाही. आपल्याकडे असं झालं असतं का हा प्रश्न मी इथे विचारत नाही.

घरकोंबडा
विचारलास की.

इतिहासप्रेमी
बरं. आता रीकला जायची खरी जुनी वाट सांगतो. तोखर फॉड्रिग, बॅलिनटबरच्या मठापासून क्रोक पॅट्रिकपर्यंत, साधारण ३५ किलोमीटर. कनॉट या पश्चिमेकडच्या प्रांताच्या राजांच्या राजधानीकडून येणारा रस्ता होता हा, मठाच्या आधीपासूनचा. मठ १२१६ चा, राजा कहाल क्रोव्हडर्गने बांधलेला. इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या सैन्याने छत पाडलं तरी उघड्यावर प्रार्थना चालू राहिली, आठशे वर्षांत खंड नाही असं ते अभिमानाने सांगतात. वाटेत बोहे नावाच्या जागी एक कातळ आहे, त्यावर वाटीसारखे खळगे आणि भोवती वर्तुळं कोरलेली. तिथे उभं राहून १८ एप्रिलला आणि २४ ऑगस्टला सूर्यास्त बघितला तर सूर्य रीकच्या माथ्यावर टेकतो आणि मग उजव्या उतारावरून घरंगळत खाली जातो. ढग नसतील तर. चालतीबोलती, तुम्ही ही वाट पूर्ण केलीत का?

चालतीबोलती
पूर्ण नाही, आखागॉवरपासून पुढे. तिथे गोल मनोरा आहे, टोक गेलेला. पावसात ती वाट म्हणजे चिखलणी, एका शेतात तर पोटरीपर्यंत पाय गेला. मठात आधी नाव नोंदवायचं असतं कारण वाट लोकांच्या शेतांतून जाते. हे महत्त्वाचं आहे, आयर्लंडमध्ये कुठेही कुणाच्याही रानातून फिरायचा हक्क नाही, शेतकऱ्याने परवानगी दिलीय म्हणून आपण चालतो. फाटक उघडलं तर लावा, कुत्रं नेऊ नका, मेंढ्यांच्या मधून आरडाओरडा करत जाऊ नका. सह्यवेडा, तुझ्या फोनमधला ट्रॅक हे सांगत नाही.

सह्यवेडा
मान्य. पण त्यासाठी दिवसाचे एवढे युरो? मठात गेलं तर तेच सांगतील की.

चालतीबोलती
सांगतील, म्हणून तर मेयोत मी गाईड घेतला नाही. तिथे वाट सरळ आहे, डोंगर समोर दिसतो, गाव जवळ. डिंगलला घेतला कारण दर शंभर पावलांवर काहीतरी होतं. आणि माउंट ब्रँडन ९५२ मीटर, अटलांटिकवरून ढग आला की हाताचं बोट दिसत नाही. आमच्या गाईडने अर्ध्या वाटेत सगळ्यांना थांबवलं, पाच मिनिटं वर बघितलं आणि मागे फिरवलं. गटातला एक जण चिडला, एवढे पैसे भरलेत म्हणून. ती शांतपणे म्हणाली डोंगर उद्याही आहे. तो माणूस मग दिवसभर गप्प होता. त्या निर्णयाचेच पैसे असतात असं माझं मत.

कोकणस्थित
विषय निघालाच आहे तर, आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचे बरं का, म्हणजे वडील तिथले. २०१९ च्या डिसेंबरात येऊन गेले होते गावी.

घरकोंबडा
आयर्लंडच्या कुठल्याही धाग्यावर हे येणारच, मी वेळ लावून बसलो होतो.

नाना_सातारकर
येऊ दे की. आपलं माणूस ते आपलं माणूस. ताई, एक विचारायचं राहिलं. वर डोंगरावर गेल्यावर करतात काय? दर्शन कसलं?

चालतीबोलती
नाना, मूर्ती बघायची, रांग लावायची असं नाही. फेऱ्या घालायच्या. रीकवर तीन स्थानं आहेत, पहिल्या दगडांच्या ढिगाऱ्याभोवती सात फेऱ्या, वर चॅपलभोवती पंधरा, मग उतारावर तीन ढिगारे, प्रत्येकाला सात, तोंडाने प्रार्थना चालू. फेरी सूर्याच्या दिशेने, म्हणजे मधलं स्थान उजव्या हाताला ठेवून. मी बघत उभी होते आणि पाय आपोआप त्यांच्या मागे वळले. एक म्हातारे गृहस्थ हातात खडे घेऊन मोजत होते, प्रत्येक फेरीला एक खडा या खिशातून त्या खिशात. पवित्र विहिरींपाशीही तेच, फेऱ्या, पाण्याचा घोट, आणि जवळच्या झाडाला चिंधी बांधायची, दुखणं जावं म्हणून.

इतिहासप्रेमी
साम्य आहे पण लगेच तेच आपल्याकडून गेलं वगैरेवर उडी मारू नका कुणी प्लीज. सूर्याच्या दिशेने फिरणं बऱ्याच संस्कृतींत आहे.

नाना_सातारकर
मी कुठे काय म्हणालो? मला एवढंच बरं वाटलं की तिथेही खडे मोजतात.

डब्लिनकर
नाना, तुम्हाला खरा कडक प्रकार हवा असेल तर डोनेगलमध्ये लॉख डर्ग. तलावातलं बेट, तीन दिवसांची यात्रा, पूर्ण वेळ अनवाणी, पहिली रात्र जागायची, आणि जेवण म्हणजे दिवसातून एकदा कोरडा टोस्ट आणि बिनदुधाचा चहा. उन्हाळ्यातच असते, जून ते ऑगस्टचा मध्य. फिरायला म्हणून तिथे जात नाहीत लोक, ठाणेकरीण, तुमच्या यादीत घेऊ नका.

आता कामाचं. व्हिसा : आयर्लंड शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच सामाईक व्हिसा) नाही, शेंगेन व्हिसा चालत नाही. भारतीय पासपोर्टवर वेगळा आयरिश व्हिसा लागतो. भारतातून अर्ज केलात आणि व्हिसावर ब्रिटिश आयरिश योजनेचा शिक्का असेल तर त्याच व्हिसावर यूकेही होतं, फक्त ज्या देशाने दिला तिथे आधी उतरायचं. अर्ज करताना सरकारी साइट वाचा, कुणाच्या फॉरवर्डवर जाऊ नका. आणि लंडनवरून विमान बदलणार असाल तर ट्रान्झिटचे नियम आधी बघा.

प्रवास : डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून वेस्टपोर्टला थेट ट्रेन आहे, तीन तासांच्या वर. डिंगलला ट्रेन नाही, ट्रलीपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. एका ट्रिपमध्ये मेयो आणि केरी दोन्ही कोंबू नका, नकाशावर जवळ दिसतं पण दिवस जातो.

हवामान : पश्चिम किनाऱ्यावर वर्षातले सव्वादोनशे दिवस पाऊस असतो. आपल्यासारखा कोसळत नाही, बारीक असतो आणि वाऱ्याबरोबर बाजूने येतो. छत्री आणू नका, पहिल्याच दिवशी उलटी होऊन कचऱ्यात जाईल. चांगलं जॅकेट आणि वरून घालायची वॉटरप्रूफ पँट. जूनमध्ये पश्चिमेला रात्री दहापर्यंत उजेड असतो हा मोठा फायदा.

ठाणेकरीण
बापरे किती माहिती, सगळ्यांचे आभार. खाण्याचं कुणीच बोललं नाही पण. आणि समुद्राच्या कडेचं चालणं कुठलं चांगलं? स्केलिग बेटाचा फोटो बघून ताई हट्टाला पेटलीय.

चालतीबोलती
स्केलिग मायकलचं सांगते. समुद्रातून उभा आलेला खडक, वर साधूंच्या दगडी घुमटी, १९९६ पासून जागतिक वारसा. किनाऱ्यापासून साधारण १२ किलोमीटर, पोर्टमगीवरून छोट्या बोटी जातात, तासभर लागतो आणि पोटातलं ढवळून निघतं. वर चढायला ६१८ पायऱ्या, ओबडधोबड, कठडा नाही. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच उतरता येतं, दिवसाला माणसं मोजकीच सोडतात, तिकिटं काही महिने आधी संपतात. आणि एवढं करून लाटा असतील तर बोट सुटतच नाही, आमची सुटली नाही. बोटवाल्याने पैसे परत दिले आणि वर हसून म्हणाला उद्या या, उद्या आमचं परतीचं. ताईंना उंचीची भीती असेल तर बेटाभोवती फेरी मारणारी बोट घ्या, वर न चढता.

समुद्राच्या कडेने चालायला डिंगलचाच स्ली हेड भाग. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे खाली अटलांटिक, समोर ब्लास्केट बेटं. मोठ्या बेटावर १९५३ पर्यंत वस्ती होती, मग म्हातारी माणसंच उरली, हिवाळ्यात डॉक्टर येऊ शकत नाही म्हणून सरकारने सगळ्यांना हलवलं. आता उन्हाळ्यात बोटीने जाता येतं, पडकी घरं आणि पुळणीवर सील प्राणी. डनबेगचा कड्यावरचा किल्ला बघितला, अर्धा समुद्रात गेलाय आणि उरलेलाही हळूहळू जातोय.

खाणं : न्याहारीला जे मोठं ताट देतात त्यात सॉसेज, बेकन, आणि काळे गोल तुकडे असतात ते रक्ताचे, ताईंना आधीच सांगून ठेवा. पांढरे तुकडेही मांसाचेच. ओट्सची लापशी, ब्राउन ब्रेड, लोणी, जॅम, मशरूम, टोमॅटो, बीन्स यावर सकाळ निघते. दुपारी भाज्यांचं सूप मिळतं पण त्यात चिकनचा स्टॉक आहे का ते दरवेळी विचारायचं. ब्रेड आणि स्कोनमध्ये अंडं असू शकतं, तेही विचारायचं. मी थेपले आणि मेतकूट नेलं होतं, मेतकुटाने वाचवलं.

सह्यवेडा
थेपले गुजराथी झाले, दशम्या न्या.

डब्लिनकर
भारतातून दुधाचे पदार्थ आणि मटणबिटण आणता येत नाही, म्हणून दुधातल्या दशम्या नकोत, तेलातल्या आणा.

ठाणेकरीण
हाहा, लिहून घेतलं. तर आता असं ठरतंय : आधी डब्लिनजवळ भाच्याबरोबर ग्लेन्डलॉखच्या जुन्या मठाकडे एक दिवस, पाय मोकळे करायला. मग केरी, डिंगलचे दिवस गाईडबरोबर. मेयो सोडतोय, जीव तुटतोय पण सोडतोय. सह्यवेडा, तुमचं ऐकलं नाही, रागावू नका. यात्रेचा पासपोर्ट मिळतो म्हणे, शिक्के मारायचा, तो काय प्रकार आहे?

डब्लिनकर
पाच वाटा आहेत त्यात. तोखर, कोसॉन ना नीव्ह, विकलो काउंटीतली सेंट केव्हिनची ३० किलोमीटरची वाट, कॉर्कमधली गूगान बाराला जाणारी, आणि केरीतली नॉक ना डोबर. पाचही झाल्या की बॅलिनटबरच्या मठात प्रमाणपत्र. सेंट केव्हिनची वाट हॉलिवूड नावाच्या खेड्यातून निघून ग्लेन्डलॉखलाच संपते, म्हणजे शेवटचा टप्पा भाच्याबरोबर चाललात तरी शिक्का पूर्ण वाट केल्यावरच घ्या, नाहीतर भाचा आयुष्यभर ऐकवेल.

सह्यवेडा
रागावलो नाही. पण माउंट ब्रँडनच्या दिवशी गाईडने मागे फिरवलं तर इथे येऊन सांगा, मी मुद्दाम विचारणार आहे.

ठाणेकरीण
नक्की. शेवटचा प्रश्न, बूट घोट्याच्या वरचे की ट्रेकचे साधे? ताईकडे साधे आहेत आणि तिला नवीन घ्यायचे नाहीत.

चालतीबोलती
घोट्याच्या वरचे आणि वॉटरप्रूफ. नवीन घ्यायला लावा आणि आत्तापासून रोज घालून येऊरला चालवा, तिथे जाऊन पहिल्यांदा घातले तर फोड येतील. चड्डीपेक्षा जास्त मोजे न्या.